दहा हजारांनंतरची बारा वर्षे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, लोणच्या-पापडांखेरीज मला काय सांगता येणार? पण गेली सहा वर्षे आमच्या घरात एक विषय जेवतानासुद्धा सुटत नाही, तोच आज तुमच्यापुढे मांडते.

आमच्या सूनबाईने चांगली नोकरी सोडून दोन मैत्रिणींबरोबर सॉफ्टवेअरची कंपनी काढली. सॉफ्टवेअर म्हणजे काँप्युटरने कोणते काम कसे करावे याची लिहून दिलेली आज्ञावली. हिची आज्ञावली लहान दवाखान्यांचे हिशेब ठेवते. सहा वर्षांत गिऱ्हाइके झाली एकतीस! मी एकदा चारचौघांत बोलून गेले, "अगं, एवढ्या अवधीत लोकांच्या कंपन्या कोट्यवधींच्या होतात." ती काही बोलली नाही. त्या रात्री जेवलीही नाही.

मला ते लागले. तेव्हापासून या मोठ्या कंपन्या मोठ्या कशा झाल्या, ते मिळेल तेथून वाचू लागले.

इन्फोसिसचे नाव तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. १९८१ साली आपल्या पुण्यात सात इंजिनियरांनी ती काढली. सुधा मूर्तींनी साठवलेले दहा हजार रुपये नवऱ्याच्या हाती ठेवले आणि तीन वर्षे घर मी पाहीन, म्हणून सांगितले. ही गोष्ट आपण बायका मोठ्या आवडीने सांगतो. पण त्यापुढचे कोणी सांगत नाही. त्या काळी टेलिफोनसाठी वर्ष वर्ष थांबावे लागे. काँप्युटर परदेशातून आणायचा तर परवाना, आणि परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा. माणसे अमेरिकेत जाऊन गिऱ्हाइकाच्या दारी काम करीत. नऊ वर्षांनी, १९९० साली, कंपनी दहा लाख डॉलरला मागितली गेली आणि बहुतेक भागीदार विकायला तयार झाले! नारायण मूर्ती म्हणाले, तुमचे भाग मीच घेतो. जवळ पैसे नसताना. मग सारेच थांबले. १९९३ साली पंचाण्णव रुपयांना भाग विक्रीस काढले, तर तेही पुरते खपले नाहीत. वर्षाची उलाढाल शंभर कोटी डॉलरवर जायला २००४ साल उजाडले. पुढचे शंभर कोटी मात्र दोन वर्षांच्या आत चढले.

जर्मनीतल्या सॅपचेही असेच. १९७२ साली पाच जणांनी ती काढली. जवळ स्वतःचे यंत्र नाही, म्हणून गिऱ्हाइकाच्या यंत्रावर रात्री आणि सुटीच्या दिवशी काम करायचे. जगभर नाव झाले ते १९९२ साली आर-थ्री नावाची आज्ञावली निघाल्यावर.

असे का होते, ते मला सूनबाईनेच समजावले. "आई, वाचनालयाची वर्गणी धरा," ती म्हणाली. "दरसाल दहा सभासद नवे आले आणि एक गेला, तर पहिल्या वर्षी नऊच दिसतात. पण दहाव्या वर्षी नव्वदांची वर्गणी जमते." दवाखाना एकदा एका आज्ञावलीवर बसला की सहसा हलत नाही, दरसाल पैसे देतो. पण बसायला फार वेळ घेतो, कारण हिशेब परक्याच्या हाती द्यायचे म्हणजे आधी विश्वास हवा. एक डॉक्टर दुसऱ्याला सांगतो, तेव्हा तिसरा ऐकतो. ही गती पैसे ओतून फारशी वाढत नाही. आणि खरे सांगायचे, तर अशा पुष्कळ कंपन्या कधीच मोठ्या होत नाहीत. बारा वर्षे थांबूनही काही हाती न लागलेले लोक भाषणे करायला येत नाहीत, एवढेच.

गेल्या दिवाळीत एका मुलीचा वर्षाचा पगार द्यायला तिला पैसे कमी पडत होते. तिने माझ्याकडे मागितले नाहीत. ह्यांच्या मागे राहिलेली एक मुदतठेव होती, ती मी मोडली. तिने कागद करायचा आग्रह धरला. मी म्हटले, कागद कर, आणि मुदत घाल तीन वर्षांची. पैसे परत येतील की नाही, मला ठाऊक नाही. चिरंजीव अजून माझ्यावर रागावले आहेत.

दवाखाने आता चौतीस झाले आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या घरी डॉक्टर असतील, तर चहाच्या वेळी मला अवश्य भेटा.