तुमचे इन्फ्लुअन्सेस कोणते?



आयोजकांनी हा विषय दिला तेव्हा मला बरं वाटलं, कारण पीएचडी कुठवर आली हे आज कुणी विचारणार नाही. मी आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. बँडमधल्या कुणालाही मुलाखतीत, फेस्टिवलच्या फॉर्मवर, स्टुडिओतल्या चहाच्या गप्पांत एक प्रश्न हमखास विचारतात: तुमचे इन्फ्लुअन्सेस कोणते, आवडते अल्बम कोणते? प्रश्न साधाच आहे, पण त्याची उत्तरं ठरलेली असतात. वडिलांकडे रेकॉर्ड प्लेयर होता, मोठ्या भावानं पिंक फ्लॉइड ऐकवलं, शाळेत असताना पियानोचा क्लास होता. म्हणजे प्रश्न संगीताचा वाटतो, पण चौकशी घराची चाललेली असते. तुमच्या घरात कपाट होतं का, आणि असलं तर त्यात काय होतं?

पिएर बोर्द्यू नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९७९ साली 'डिस्टिंक्शन' या पुस्तकात हेच दाखवलं. कुणाला बाख आवडतो आणि कुणाला हलकाफुलका वॉल्ट्झ, हे त्यानं सर्व्हे करून शिक्षणाशी आणि वर्गाशी जोडून दाखवलं. एम.ए.ला आपण हे पाच मार्कांसाठी पाठ करतो. बँडमध्ये आल्यावर ते अंगाला येऊन भिडतं. फरक इतकाच की आपल्याकडे वर्गाच्या आधी जात येते.

तर माझ्या घरात कपाट नव्हतं. वस्तीत लाऊडस्पीकर होता आणि शेजारच्या घरी टेपरेकॉर्डर. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचं 'कॅसेट कल्चर' हे १९९३ चं पुस्तक तुमच्यापैकी संगीतात रस असलेल्यांनी जरूर वाचावं. कॅसेट येण्याआधी भारतात रेकॉर्डचा धंदा जवळपास एकट्या एचएमव्हीच्या हातात होता. कोणाचा आवाज तबकडीवर जायचा हे ती कंपनी ठरवायची. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि छोट्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. भोजपुरी, पंजाबी, राजस्थानी, सगळं बाजारात आलं. आपल्याकडे भीमगीतांच्या कॅसेट आल्या. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी त्यांचे स्टॉल लागायचे. पुढे सीडी आल्या, मग पेन ड्राइव्ह. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे अर्ध्या तासाच्या दोन बाजू. लंडनमध्ये ज्याला अल्बम म्हणतात तो हाच की.

त्यामुळे मी फॉर्मवर पहिलं नाव लिहितो ते वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, जन्म १९२२, निधन २००४. हजारो गाणी लिहिली. दुसरं नाव प्रल्हाद शिंदे. हे मी आदरापोटी लिहीत नाही, आदरापोटी फोटोला हार घालतात. मी लिहितो कारण बेस कसा वाजवायचा हे मी तिथून उचललंय. ढोलकीच्या धुम बाजूचा आवाज नीट ऐका. तो सारखा भरलेला नसतो. जागा सोडतो, गायक ओळ उचलतो, मग खालून धक्का देतो. कोरस धृवपद परत घेतो तेव्हा तो जाड होतो. बेस गिटारचं काम नेमकं हेच आहे. एका कॉलेजच्या फेस्टमध्ये एकानं मला विचारलं होतं की हा ग्रूव्ह तू मोटाउनमधून घेतलास का. मोटाउन मी ऐकलं, पण फार उशिरा.

आता गोऱ्यांच्या अल्बमकडे येतो. माझा सगळ्यात आवडता ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम, फेब्रुवारी १९७० चा. त्यातला गिटारवाला टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमचा कामगार पोरगा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता, पुढे बँडबरोबर दौऱ्यावर जायचं होतं. मशीनवरचा माणूस आला नाही म्हणून याला तिथं उभं केलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठानं त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली आणि मग सांगितलं की हा माणूस तारा दाबायला दोनच बोटं नीट वापरू शकतो. ती रेकॉर्ड जँगो राइनहार्टची होती. जँगो रोमा समाजातला, ज्यांना युरोपभर जिप्सी म्हणून हिणवलं गेलं आणि हिटलरच्या काळात लाखोंनी मारलं गेलं. १९२८ साली तो राहत असलेल्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. उरलेल्या बोटांवर त्यानं नवीन पद्धत बसवली आणि युरोपातला सगळ्यात मोठा जॅझ गिटारवादक झाला. ते ऐकून आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. बोटांना सोसवेल म्हणून हलक्या तारा लावल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमवर तर काही गाण्यांत तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. सैल तारेचा तो जड, खर्जातला आवाज म्हणजे आज जगभर वाजणारं हेवी मेटल.

इन्फ्लुअन्स हा शब्द मला इथं कळतो. कपाट नसलेल्या एका रोमा माणसाकडून तो कपाट नसलेल्या एका कामगार पोराकडे गेला. मध्ये कुठलाही क्लास नव्हता. कारखान्यात हात गमावलेले आपले लोक कमी नाहीत. त्यांना रेकॉर्ड आणून देणारा वरिष्ठ मात्र मला फारसा दिसलेला नाही.

रॉक मुळात गोऱ्यांचं, असं आपल्याकडच्या कॅम्पसवर सर्रास मानतात. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई, जन्म १९१५, चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायची. १९४४ साली तिनं रेकॉर्ड केलेलं एक गाणं अनेक जण रॉक अँड रोलच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डपैकी एक मानतात. १९६४ साली मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी तिचा कार्यक्रम झाला. एका फलाटावर ती, समोरच्या फलाटावर गोरी पोरं, आणि पावसाळी हवा. यूट्यूबवर आहे, बघा. कोट घालून गिटार वाजवणारी ती बाई बघून तुमच्या डोक्यातला रॉकस्टार जरा हलेल. १९७३ मध्ये ती गेली, तेव्हा तिच्या कबरीवर दगडही नव्हता, आणि पुढे कित्येक वर्षं नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव गेलं २०१८ साली.

हा क्रम ओळखीचा वाटतो ना? आधी कला ज्यांची त्यांना हलकं ठरवायचं, मग ती धुऊनपुसून आपल्या नावावर घ्यायची, मग त्यांच्याच नातवंडांना विचारायचं की तुम्ही आमचं संगीत कसं काय वाजवता. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हर्नन रीड आणि सोबत्यांनी ब्लॅक रॉक कोअॅलिशन काढली ती याच प्रश्नावरून. काळ्या बँडनं रॉक वाजवलं की कंपन्यांना ते कुठल्या खान्यात टाकावं कळायचं नाही. त्याच्या लिव्हिंग कलर या बँडचा १९८८ चा 'व्हिव्हिड' हा अल्बम माझ्या यादीत तिसरा आहे. त्यातलं पहिलं गाणं माल्कम एक्सच्या आवाजानं सुरू होतं आणि पुढची गिटार ऐकून कुणाची हिंमत होत नाही विचारायची.

आमच्या गायिकेची यादी वेगळी. तिचा एकच अल्बम, ट्रेसी चॅपमनचा पहिला, तोही १९८८ चा. चॅपमनला एकट्या आईनं वाढवलं, स्कॉलरशिपवर ती शिकली, मानववंशशास्त्राची पदवी घेतली. गायिका म्हणते, आपल्या डिपार्टमेंटचा एवढाच काय तो उपयोग. रेज अगेन्स्ट द मशीनचा १९९२ चा अल्बम सगळ्यांनाच आवडतो, मलाही. पण फेस्टमध्ये त्यांची गाणी किंचाळून म्हणणारी बरीच पोरं दुसऱ्या दिवशी आरक्षणाविरुद्ध स्टेटस टाकतात, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता ज्यावर आमच्यात अजून भांडण चालू आहे ते सांगतो. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत कास्टलेस कलेक्टिव्ह हा बँड पहिल्यांदा स्टेजवर आला. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी उभा केलेला. एकोणीस जण, गाना, रॅप, इलेक्ट्रिक गिटार आणि पराई. नाव आलं ते अयोथी दासांच्या 'जातीविरहित तमिळ' या शब्दप्रयोगावरून. गाना म्हणजे उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधलं, मयतावर गायलं जाणारं गाणं. पराई म्हणजे ज्या वाद्याला अस्पृश्य ठरवलं ते वाद्य. मी हॉस्टेलच्या वायफायवर ते पाहिलं आणि सरळ ड्रमरकडे गेलो. म्हटलं, आपण हलगी आणू.

तो मातंग समाजातला. त्याचे वडील, आम्ही त्यांना काका म्हणतो, तरुणपणी गावात हलगी वाजवायचे. जत्रेत, मिरवणुकीत, मयताच्या पुढं. वाजवायचे म्हणजे वाजवावंच लागायचं, आणि देवळाच्या बाहेर उभं राहून. काका त्याला फोनवर एवढंच म्हणाले, "ती खाली ठेवायला मला निम्मं आयुष्य लागलं रं पोरा. तू ती पुन्हा गळ्यात नको घालू." लक्षात घ्या, वाद्य खाली ठेवणं हीसुद्धा आपली चळवळ होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कितीतरी गावांत महारांनी गावकीची कामं सोडली, मेलेली गुरं ओढणं सोडलं, वाजप सोडलं, आणि त्यासाठी बहिष्कार सोसले.

दुसऱ्या बाजूनं फेस्टिवलवाल्यांना हलगी हवीच असते. एका आयोजकानं आम्हाला सांगितलं, थोडा फोक टच द्या, फेटे बांधा, फक्त गाण्यातला तो जातीचा कडवा भाग काढा. म्हणजे हलगी चालते, वाजवणाऱ्याचं म्हणणं चालत नाही. आम्ही तो कार्यक्रम केला नाही. पैसे बरे होते.

सध्या ड्रमर हलगीचे ठेके ड्रमसेटच्या जमिनीवरच्या मोठ्या टॉमवर वाजवतो. हातात काठ्या, पायाखाली बेस ड्रम, आणि बसायला खुर्ची. काकांना त्याचा व्हिडिओ पाठवला तर त्यांनी फक्त ठेका कुठं चुकतोय तेवढं सांगितलं. गायिकेचं म्हणणं की हे पुरेसं नाही, चेन्नईवाल्यांनी पराई स्टेजच्या मधोमध ठेवली तशी हलगी मधोमध यायला हवी, नाहीतर ती उद्या फेटेवाल्यांच्याच हातात दिसेल. ड्रमर म्हणतो, माझ्या बापाच्या हातून सुटलेली वस्तू मधोमध ठेवायची की नाही हे ठरवायला बँडचं मतदान लागत नाही. मी दोघांच्या मध्ये बेस घेऊन उभा आहे, आणि माझा कल ड्रमरकडे आहे.

इथं बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरात हलगी, सनई, डफ होता, त्यांनी यावर बोलावं. ते आधी ऐकू. गिटार नंतर लावतो.