ब्रोकनच्या वाटेवर



गेल्या ऑक्टोबरात आम्ही चौघं मोटरहोम घेऊन जर्मनीच्या हार्त्स डोंगरात फिरलो. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं वन-रूम-किचन. पिण्याचं पाणी, गॅस, सांडपाण्याची टाकी, सगळ्याचा हिशेब आपणच ठेवायचा. क्वेडलिनबुर्गला लाकडी चौकटींची २००० हून जास्त जुनी घरं पाहिली. त्यांत आजही माणसं राहतात.

वेर्निगेरोडेहून वाफेच्या इंजिनाची गाडी ११४१ मीटर उंच ब्रोकनवर जाते. वाटेत स्प्रूसची झाडं वाळून उभी. दुष्काळ पडला, मग सालीखालच्या किड्यांनी जंगल खाल्लं. खाली मात्र बर्चची रोपं पिवळी झाली होती.

आमच्या शेजारच्या गाडीतले आजोबा वेर्निगेरोडेचेच. म्हणाले, "घरातून हा डोंगर रोज दिसायचा. पण १९६१ नंतर २८ वर्षं वर जायला बंदी. वर सीमा होती, सैन्य होतं." ३ डिसेंबर १९८९ ला लोक चालत वर गेले, फाटक उघडायला लावलं. त्यांत आजोबाही होते.

तेव्हा आपण चौथीत होतो. भूगोलाच्या पुस्तकात दोन जर्मनी होते, ते पाठ करत होतो. नकाशावरची ती रेघ कुणाच्या तरी खिडकीसमोरून जात होती, हे मला पंचेचाळिशीत कळलं. आपल्यापैकी बरेच जण आता शिक्षक आहेत. नकाशा शिकवताना एवढं जरूर सांगा.