एक इंग्रजी शब्द : स्ट्राइक



व्याख्यानमालेच्या चालकांना आमच्याकडून कामगार कायद्यावर भाषण हवे होते. आम्ही म्हटले, कायदा राहू द्या, एका शब्दावर बोलतो. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी शिकलो ते कारखान्याच्या फळ्यावरच्या नोटिसा वाचता याव्यात म्हणून. तेव्हा येथे बसलेल्या प्राध्यापक मंडळींनी चूकभूल पदरात घ्यावी. 'स्ट्राइक' हा तो शब्द.

मूळ अर्थ साधा : मारणे, तडाखा देणे. पण इंग्रजाने या एका गड्याकडून किती कामे करून घेतली आहेत पाहा. घड्याळ ठोके देते ते स्ट्राइक, काडी ओढून पेटवायची ती स्ट्राइक, वीज कोसळते तेही स्ट्राइक. जमिनीत तेल लागले तरी स्ट्राइक. क्रिकेटमध्ये चेंडू खेळायला उभा तो स्ट्रायकर. उलट अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये दांडा फिरवला आणि चेंडू हुकला, तर त्या हुकण्यालाच स्ट्राइक म्हणतात! इतक्या पाळ्यांत राबणारा कामगार आमच्या युनियनमध्ये असता, तर त्याच्या ओव्हरटाइमसाठी आम्ही केव्हाच भांडलो असतो.

संपाचा अर्थ त्याला चिकटला तो जहाजांवर. शीड किंवा निशाण खाली उतरवणे यालाही इंग्रजीत स्ट्राइकच म्हणत. लढाईत निशाण उतरवले म्हणजे शरणागती. १७६८ साली लंडनला थेम्स नदीवर खलाशांनी मजुरीच्या तंट्यात जहाजांची शिडे उतरवली आणि जहाजे जागच्या जागी अडकून पडली. शरण जाण्याची ती क्रिया. तीच अडून बसण्याची झाली.

आता आमची फजिती सांगतो. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही युनियनच्या कामात नवखे होतो. आमच्या खात्यातला एक कामगार वडिलांच्या आजारपणासाठी गावी गेला आणि रजेपेक्षा जास्त दिवस राहिला. परत आला तो हातात इंग्रजी पत्र घेऊन. त्यात 'स्ट्रक ऑफ' असे दोन शब्द होते. स्ट्राइकचे भूतकाळी रूप स्ट्रक, एवढे आम्हांला ठाऊक होते. झाले! याच्यावर संपाचा आरोप आहे असे समजून आम्ही ऐटीत उत्तर धाडले : सदर इसमाने संप केलेला नाही, कारखान्यात संप चालू नाही. खरा अर्थ होता, नाव हजेरीपटावरून काढून टाकले आहे. तो आम्हांला तीन आठवड्यांनी एका वकिलांनी सांगितला. तोवर त्याच्या मशीनवर दुसरा माणूस उभा राहिला होता.

त्याच वकिलांनी १९७७ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला. दिल्ली क्लॉथ मिलच्या त्या खटल्यात न्यायालयाने म्हटले होते की, पटावरून नाव काढणे ही कामगार कपातच होय. म्हणजे कपातीची नोटीस हवी, भरपाई हवी. आमच्या माणसाला पुढे भरपाई मिळाली. काम मिळाले नाही. तो आमच्यावर कधी रागावला नाही, याचेच आम्हांला अधिक वाईट वाटते. त्यानंतर आम्ही शब्दकोश विकत घेतला.

मराठीत आपण 'संप' म्हणतो. शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे एकोपा. इंग्रजाच्या कानाला त्यात तडाखा ऐकू येतो, आपल्या शेजाऱ्याला एकजूट. आणि तंटा मिटून करार झाला, तर इंग्रज म्हणतो, सौदा 'स्ट्राइक' केला. भांडणही त्याच शब्दाने, तडजोडही त्याच शब्दाने!

शब्दकोशाबाहेरही या शब्दाचा अर्थ वाढतो आहे. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून घेतलेली किरकोळ रजासुद्धा संपाच्या व्याख्येत घातली आहे. हे आम्ही गेटसभेत समजावून सांगत होतो, तेव्हा मागून एक जण म्हणाला, "भाऊ, आमच्या खात्यात निम्मे लोक एकाच गावचे. जत्रेला गेलो तर?" सगळे हसले. आम्ही म्हटले, जत्रेची तारीख देव ठरवतो, तुम्ही नव्हे. तरी रजेचे अर्ज एकाच हस्ताक्षरात लिहू नका.