मोठ्या महादेवाची चढण



१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं, भोपाळ त्याची राजधानी ठरली आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. नागपूरहून फायली भोपाळला आल्या, कारकुनांचे संसार आले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा देव मात्र त्या वाटणीत सीमेपलीकडे राहिला. तो शेतकरी सातपुड्यातल्या या देवाला आजही ‘मोठा महादेव’ म्हणतो आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वाटेनं त्याच्याकडे जातो.

भोपाळकर मराठी माणसाला पचमढी ठाऊक असते ती दोनशे किलोमीटरवरचं थंड हवेचं ठिकाण म्हणून. धबधबा, धूपगडावरचा सूर्यास्त, जिप्सीतून फेरफटका, दोन दिवसांत परत. त्याच पचमढीच्या कुशीत मोठ्या महादेवाचा चौरागड आणि नागदेवाची नागद्वारी ही दोन ठिकाणं आहेत, आणि तिथे पायांनीच जावं लागतं. महाशिवरात्रीला चौरागडावर आणि नागपंचमीला नागद्वारीत गेलं, तर चहूकडून वऱ्हाडी बोली कानावर येते.

या डोंगरांचा दगड सह्याद्रीच्या दगडापेक्षा फार निराळा. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. पचमढीचा वालुकाश्म त्याहून कितीतरी जुना, वीस कोटी वर्षांच्याही मागचा. प्राचीन नद्यांनी वाळू आणि गोटे आणून टाकले, थरावर थर दाबले गेले आणि त्यांचा खडक झाला. बस्तरमधली कुटुमसर गुहा चुनखडीची आहे. तिथे पाण्यानं दगड विरघळवला. इथे पाणी उभ्या भेगांतून उतरतं, वाळूचा कण न् कण सुटा करतं आणि भेगेची दरी होते. म्हणून पचमढीत एकीकडे सपाट पठार, तर दोन पावलांवर सरळ तुटलेला कडा. हांडी खोह या दरीच्या काठावर उभं राहिलं की हे सगळं एका नजरेत कळतं.

चौरागडाची उंची १३०० मीटरच्या वर. शेवटच्या टप्प्यात तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि त्या पायऱ्यांवरून माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतात. नवस बोललेला असतो: मूल होऊ दे, दुखणं बरं होऊ दे, विहिरीला पाणी लागू दे. काही त्रिशूळ हातभर असतात, काही क्विंटलभर वजनाचे. जड त्रिशूळ एकट्याला पेलत नाही, गावचे लोक खांदे बदलत तो वर नेतात. माथ्यावर अशा त्रिशुळांचं रान उभं राहिलं आहे.

या नवसांना एक भयंकर पूर्वेतिहासही आहे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमननं १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिलं आहे की, मूल नसलेल्या बाया पहिला मुलगा महादेवाला वाहण्याचा नवस करत आणि तो मुलगा मोठा झाल्यावर जत्रेत कड्यावरून उडी घेई. ती प्रथा केव्हाच बंद पडली. लोखंडाचा त्रिशूळ वाहून नवस फिटतो, हे फार चांगलं झालं.

कॅप्टन जेम्स फोरसिथनं पचमढी ‘शोधली’ असं सर्रास सांगितलं जातं. त्यानं १८६२ साली इथे बायसन लॉज बांधलं आणि पुढे मध्य प्रांताचं नागपूरचं सरकार उन्हाळ्यात पचमढीला येऊ लागलं, हे खरं. पण तो आला तेव्हा महादेवाची जत्रा भरतच होती आणि देवस्थानाची राखण कोरकू जहागीरदारांच्या घराण्यांकडे वंशपरंपरेनं होती. शोधाचं श्रेय द्यायचंच असेल तर ते कोरकू आणि गोंडांना द्यायला हवं.

विदर्भातून येणाऱ्यांची जुनी वाट छिंदवाड्याकडून चढते. जुन्नारदेवजवळ ‘पहिली पायरी’ आहे, पुढे भुरा भगताचं ठाणं. महादेवाआधी या भक्ताला शेंदूर लावायचा, असा रिवाज. यात्रेकरूंच्या जथ्याला वऱ्हाडात ‘पोहा’ म्हणतात. पोह्यात महादेवाची गाणी चालतात: एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. चढ जितका उभा, तितका आवाज चढा. दम लागलेल्या माणसाला गाणं वर ओढतं, हे तिथे प्रत्यक्ष दिसतं.

नागद्वारीची वाट याहून अवघड. हा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो, त्यामुळे वर्षभर बंद असतो. नागपंचमीच्या आधीचे थोडे दिवस तेवढा उघडतो. म्हणजे चढण करायची ती भर पावसात. पायाखाली निसरडा वालुकाश्म, वाटेत ओढे, धुक्यात पुढचा माणूस दिसेनासा होतो, आणि काही ठिकाणी लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. काजळी, पद्मशेष, चित्रशाला अशी ठाणी एकेक करत यात्रेकरू पुढे सरकतात. काजळीची कथा तर बायका फार जिव्हाळ्यानं सांगतात. एका बाईनं मूल झालं तर नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन, असा नवस केला. मूल झालं. ती काजळ घेऊन गेली, तर पुढ्यात नागाचं प्रचंड रूप! ती घाबरली, तेव्हा नाग लहान झाला आणि काजळ घालून घेतलं.

या रानात रस्त्यालगत हॉटेलं नाहीत. नागपूर आणि विदर्भातली सेवा मंडळं जंगलात राहुट्या टाकतात आणि येईल त्याला फुकट जेवू घालतात. शिधा डोंगरात वाहून न्यायचा, ओल्या लाकडांवर चुली पेटवायच्या, रात्रभर भाकऱ्या थापायच्या. पर्यटनाच्या जाहिरातींत या माणसांचा उल्लेख क्वचितच येतो. तो यायला हवा.

काळजीची गोष्ट एकच. इतक्या लोकांचा राबता थोड्या दिवसांत एका अरुंद वाटेवरून होतो आणि पाण्याच्या बाटल्या, पत्रावळी, पिशव्या घळींत पडून राहतात. वाघ, अस्वल आणि गवा यांचं हे घर. ओढ्यात अडकलेलं प्लास्टिक पुढचे अकरा महिने तिथून कोण काढणार?

भोपाळच्या मराठी श्रोत्यांना म्हणून एक विनंती. पिपरियापर्यंत रेल्वे आहे, पुढे पचमढीचा रस्ता जेमतेम पन्नास किलोमीटरचा. येत्या श्रावणात जिप्सीचा बेत बाजूला ठेवा, एखाद्या पोह्याबरोबर नागद्वारीची वाट चाला, सेवा मंडळाच्या पंगतीत बसा, जमलं तर तासभर वाढायलाही उभे राहा. आणि वर नेलेली प्रत्येक पिशवी, प्रत्येक बाटली आठवणीनं खाली आणा.