परदेशी दुकान, देशी गिऱ्हाईक आणि हुंडणावळीचा भार
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



परदेशातील ऑनलाइन दुकानातून एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरण मागविणे हा श्रीमंतांचा षोक आहे, अशी समजूत चळवळीत अजून आढळते. वस्तुस्थिती निराळी आहे. तंत्रनिकेतनात शिकणारा विद्यार्थी प्रकल्पासाठी एखादा सर्किट बोर्ड मागवितो. तालुक्याच्या गावचा मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर सुटा भाग शोधत असतो. त्याच्या दृष्टीने ती चैनीची वस्तू नसून उत्पादनाचे साधन आहे. म्हणून हा प्रश्न केवळ ‘स्वदेशी की विदेशी’ एवढ्या घोषणेने सुटणारा नाही. या व्यवहारात पैसा कोणत्या वाटेने जातो आणि वाटेत कोण कोण वाटा उचलतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

समजा, वस्तूची किंमत आपल्या चलनात वीस हजार रुपये होते. गिऱ्हाईक कार्डाने पैसे भरतो. डॉलरचा हिशेब रुपयात करताना कार्ड देणारी बँक बहुधा दोन ते साडेतीन टक्के अधिभार लावते. साडेतीन टक्के धरले तर हे सातशे रुपये झाले. या आकारावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी एकशे सव्वीस. एकूण आठशे सव्वीस रुपये वस्तू जागची हलण्यापूर्वीच गेले. जुन्या पेढीवरचा सराफ हुंडणावळ निदान तोंडाने सांगत असे. आजची बँक ती महिन्याच्या हिशेबपत्रकात बारीक अक्षरात छापते. काही दुकाने ‘किंमत रुपयातच चुकती करा’ अशी सोय देऊ करतात. तिथे दर दुकानाच्या बाजूने ठरतो आणि पुष्कळदा तो बँकेच्या दरापेक्षाही महाग पडतो. माल परत केला तर पैसे त्या दिवशीच्या दराने येतात, आणि कापलेला अधिभार परत मिळेलच अशी खात्री नसते.

पुढे माल बंदरात किंवा विमानतळावर येतो. सीमाशुल्क केवळ किमतीवर आकारले जात नाही. वाहतूक आणि विमा हेही किमतीत मिळविले जातात. त्या बेरजेवर शुल्क, आणि शुल्कासह होणाऱ्या रकमेवर पुन्हा एकात्मिक वस्तू व सेवा कर. कुरियर कंपनी ही रक्कम आधी भरते आणि दारात वसूल करते, वर स्वतःचा सेवाआकार लावते. पूर्वी भेटवस्तू म्हणून पाच हजार रुपयांपर्यंतचा माल शुल्काविना येई. परदेशी विक्रेत्यांनी विक्रीचाच माल ‘भेट’ म्हणून धाडण्याचा सपाटा लावला, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळता ही सवलत काढून घेण्यात आली. हा निर्णय गैर म्हणता येणार नाही. कर चुकविणाऱ्या मालाशी देशातील कारखान्याने आणि कर भरणाऱ्या दुकानदाराने स्पर्धा करावी, हा न्याय नव्हे. युरोपीय संघाने २०२१ साली बावीस युरोंपर्यंतच्या मालाची करमाफी रद्द केली. मुक्त व्यापाराचे पाठ जगाला देणाऱ्या अमेरिकेनेही आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २०२५ मध्ये थांबविली.

आक्षेप शुल्काला नाही. आक्षेप आहे तो विषमतेला. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली डॉलर ही राष्ट्राची दुर्मीळ संपत्ती मानली जाई. १९९१ साली सोने गहाण टाकण्याची पाळी आली, तेव्हा त्या दुर्मीळतेची जाणीव सर्वांना झाली. १९९९ चा नवा कायदा जून २००० मध्ये अमलात आला आणि दृष्टी पालटली. २००४ साली व्यक्तीला वर्षाकाठी पंचवीस हजार डॉलर परदेशी पाठविण्याची मुभा मिळाली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांहून अधिक आहे. ज्याच्यापाशी कोट्यवधी आहेत तो परदेशात शेअर आणि घरे घेऊ शकतो. दीड हजाराचा बोर्ड मागविणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र अंतिम किंमत काय पडेल, हेही आधी कळत नाही.

बंदीच्या धोरणातही हाच वर्गभेद दिसतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने आलीएक्सप्रेससह त्रेचाळीस ॲप्सवर बंदी घातली. चिनी मालाची आयात त्यामुळे थांबली नाही. मोठा आयातदार पूर्वीप्रमाणेच जहाज भरून माल आणतो आणि तोच सुटा भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मधल्या नफ्यासह मिळतो. बंद झाले ते लहान माणसाचे दार. राष्ट्रीय सुरक्षेचा विचार अवश्य व्हावा, पण त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हे विचारण्याचा अधिकार समाजवाद्यांनी सोडता कामा नये.

फसवणुकीचा प्रश्नही आहे. देशातील ऑनलाइन व्यवहारात कार्डाच्या क्रमांकापलीकडे आणखी एक पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीची केली. परदेशी दुकानांना ती सक्ती लागू नव्हती, म्हणून चोरलेल्या क्रमांकावर तिकडे खरेदी होऊ शकली. २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद ठेवण्याचा नियम झाला. गरज असेल तेव्हाच तो सुरू करावा, रकमेची मर्यादा घालावी आणि काम होताच बंद करावा. चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसताना पैसे गेले, तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळविणाऱ्या ग्राहकावर तोशीस पडू नये, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक सांगते. हे किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

२०२० च्या ई-व्यापार नियमांत, भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी दुकानांचाही समावेश आहे. पण ज्याचे येथे कार्यालय नाही, प्रतिनिधी नाही, त्याच्यावर जिल्हा आयोगाची नोटीस बजावायची कशी?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पैसे भरण्यापूर्वी बँकेने विनिमय दर आणि अधिभार रुपयांत दाखवावा. शुल्काचा अंदाज देणारी सोपी मराठी सोय सीमाशुल्क खात्याने करावी. भारतात विक्री करणाऱ्या परदेशी दुकानाला येथे उत्तरदायी प्रतिनिधी नेमणे भाग पाडावे. विद्यार्थी आणि कारागीर यांच्या सहकारी संस्थांना सुटे भाग एकत्र आयात करण्यासाठी सवलत मिळावी. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने मधल्या दलालाला वगळून सामूहिक खरेदी कशी चालते, हे दाखवून दिले आहे. किराण्याच्या बाबतीत जे साधले, ते सुट्या भागांच्या बाबतीत का साधू नये?

प्रत्येक शाखेने आपल्या भागातील दुरुस्ती कारागिरांची आणि तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांची एक बैठक घ्यावी. त्यांनी कोणत्या मालासाठी किती मोजले, त्यांतले किती बँकेला, किती कुरियरला, किती सरकारला गेले, याचा हिशेब कागदावर मांडावा. असे शंभर हिशेब हाती आले, की मागणीला आधार मिळेल आणि ती कोणाला सहजी फेटाळता येणार नाही.