कोरस कोणाचा?

(देऊळघाट, जि. बुलढाणा येथील महिला अभ्यासवर्गातील भाषण)



अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक नाटक आपण कशाला वाचायचं, असं काहीजणींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे.

सोफोक्लीसचं ‘अँटिगनी’ इ.स.पू. ४४१च्या सुमाराचं. थीब्जच्या गादीसाठी दोन भाऊ लढून मरतात. नवा राजा क्रेऑन एकाला इतमामाने पुरतो. दुसऱ्याला देशद्रोही ठरवून त्याचं प्रेत उघड्यावर टाकतो. त्याला पुरेल त्याला देहदंड. बहीण अँटिगनी प्रेतावर माती टाकते. पकडल्यावर ती ते नाकारत नाही. राजाच्या हुकमापेक्षा देवांचा अलिखित कायदा मोठा, असं म्हणते.

राज्याचा कायदा की माणुसकीचा, हा नाटकाचा विषय. पण त्याची रचनाही पाहा. माती पडल्याची बातमी येते तेव्हा क्रेऑन विचारतो, हे धाडस कोणत्या पुरुषाचं? प्रेक्षकांना ठाऊक असतं की ही बाई आहे. हा नाट्यातला उपरोध. बाई बंड करू शकते, हेच सत्तेला सुचत नाही. पुढे बाईसमोर हार मानणार नाही, हा त्याचा हट्ट होतो.

दुसरं साधन कोरस. नाटकात गाणारा, मत देणारा हा समूह म्हणजे गावाचा आवाज. इथे तो थीब्जच्या वृद्ध पुरुषांचा आहे. अँटिगनीसाठी शहर हळहळतंय, पण अंधारात, कुजबुजत, असं राजाचा मुलगा हेमॉन सांगतो. उघड कुणी बोलत नाही. तिला सोडा, असा सल्ला कोरस देतो तोवर उशीर झालेला असतो. गुहेत कोंडलेल्या अँटिगनीने गळफास घेतलेला असतो.

ही कुजबुज मोठ्याने बोलणारी बाई आपल्या शेजारच्या बुलढाण्यात होऊन गेली. १८८१ साली सुरतकडच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य झाली. त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीला नावं ठेवली गेली. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांनाच जाब विचारला: विधवेला पुनर्विवाहाची बंदी कुणी केली? जे दोष तुमच्यातही आहेत, त्यांची शिक्षा तिला एकटीलाच का? अनोळखी, परजातीच्या, दूरच्या बाईसाठी त्या कोरस झाल्या. त्यांच्यावर टीका झाली; जोतीराव फुले यांनी १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर त्यांचं दुसरं पुस्तक आढळत नाही. स. गं. मालशे यांनी हे पुस्तक १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केलं.

शेवटी इस्मिनीबद्दल. ही अँटिगनीची बहीण. आधी ती घाबरून मागे राहते, नंतर गुन्ह्यात वाटा मागते. अँटिगनी तिला झिडकारते. आपल्या संघटनेच्या दाराशी अशा उशिरा आलेल्या कितीतरी इस्मिनी येतात. त्यांना आपण काय म्हणतो? आता गटांत बसू, तेव्हा चर्चेला इथूनच सुरुवात करू या.