तंतुवाद्यांच्या मिरजेत आपले स्वागत

आदरणीय अध्यक्ष महोदय, मान्यवर पाहुणे आणि भूलतज्ज्ञ बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मिरजनगरीत मनःपूर्वक स्वागत. सर विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली इथे रुग्णालय उभारले. कोकण-कर्नाटकातून माणसे मिरजेचे तिकीट काढू लागली ती उपचारांसाठी.

पण मिरज म्हटले की माझे मन आधी सतारमेकर गल्लीत जाते. इथे तंतुवाद्ये घडवणाऱ्या फरीदसाहेबांचे नाव आज गावातल्या पोरांनाही ठाऊक नाही, याची खंत वाटते. त्यांचे घराणे शिकलगारांचे, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचा जमाना सरला तसे त्यांचे हात वाद्यांकडे वळले आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणायचा, वाळवायचा, कोरायचा. मग जवारी. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा फिरवायची. सूर खुलेपर्यंत कारागीर उठत नाही. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, 1937 मध्ये इथल्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. 2024 साली आमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले! जेवणाच्या सुट्टीत एक तरी कार्यशाळा पाहाच.

आता परिषदेकडे वळतो. तिचा विषय आमच्या समितीतील डॉक्टरांनी मला समजावला. शस्त्रक्रियेत हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते, हे कोणत्या पद्धतीने मोजावे? विश्रांतीत हा आकडा साधारण 5 लिटर. स्वान आणि गांझ यांनी 1970 मध्ये फुग्याची नळी मांडली. तिच्यातून थंड द्राव सोडून तापमानाच्या फरकावरून मोजण्याची रीत पुढे रुळली. आता अन्ननलिकेतला डॉप्लर आहे, धमनीतल्या लहरीवरून हिशेब करणारी यंत्रे आहेत. मात्र रक्तवाहिन्या एकाएकी आवळल्या वा सैलावल्या, की लहरीवरचा हिशेब चुकू शकतो. टेबलावरच्या रुग्णासाठी हा वाद फार मोलाचा आहे. तो इथे मोकळेपणाने व्हावा.

निवासाची सोय तीन ठिकाणी विखुरलेली आहे, सभागृह लहान पडले, काल रात्री काहींना स्टेशनवर वाहनाची वाट पाहावी लागली; त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. सराफ, औषध विक्रेते आणि हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनी न मागता देणग्या दिल्या. मंडपवाले, आचारी आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी रात्रभर जागले. त्या सर्वांचे ऋण मोठे आहे. काही उणे वाटल्यास नोंदणी कक्षात हक्काने सांगा. आता अध्यक्षांनी उद्घाटन करावे, अशी विनंती करतो.